व्हिटकॉमसाहेबांसाठी एक छडी

मेपल रिज गोल्फ क्लब, ओहायो
४ ऑक्टोबर १९२३

प्रिय आई,

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. क्लबाच्या ऑफिसात नवा टाइपरायटर आलाय. माझ्या अक्षराला तू जन्मभर नावं ठेवलीस, म्हटलं, आता तरी तुला चष्म्याशिवाय वाचता यावं.

इथे सगळं ठीक आहे. लोटीची तब्येत चांगली आहे. बाळ मार्चमध्ये येईल असं डॉक्टर म्हणतात. झाडं लाल झालीत. बर्फ पडला की मैदान बंद, शिकवणी बंद, मग मी मोकळाच.

एक काम आहे. आमच्या क्लबात व्हिटकॉम म्हणून एक सभासद आहेत. उंची माझ्याएवढी, पण काठी फार सावकाश फिरवतात. त्यांना एक लोखंडी काठी हवी आहे. तिची लाकडी छडी लवचीक पाहिजे, मोडणार नाही इतपत जेवढी लवचीक करता येईल तेवढी, आणि नेहमीपेक्षा दोन इंच आखूड. माझ्या लोखंडी काठीचं डोकं त्यांना फार आवडलं, म्हणून ती काठीच वेगळ्या पार्सलने पाठवतोय. जुनी छडी काढून त्याच डोक्यात नवी बसव. इथल्या छड्यांवर माझा भरवसा नाही. हिकरीचं झाड इथलं, पण त्यातली छडी ओळखणारी बोटं तुझ्याच घरात राहिली.

घाई नाही. पण लवकर झालं तर बरं.

तुझा,
निव्हन


अर्डनेस, फाइफ
१८ ऑक्टोबर १९२३

प्रिय निव्हन,

चष्मा लावूनच वाचलं. तुझं वाकडं अक्षर मला अंधारात वाचता येत होतं, हे यंत्राचं अक्षर कुणाचंही असू शकतं.

इकडे वारा सुरू झाला आहे. दुकानाचं दार रात्रभर आपटतं, म्हणून त्याला दगड लावला आहे. मैदानावरच्या नव्या मास्तराच्या काठ्यांवर मेणदोरा गुंडाळायचं आणि छड्या घासायचं काम अजून माझ्याकडेच येतं, त्यामुळे चूल पेटते आणि हात आखडत नाहीत. वाचनालयातून समुद्रप्रवासाचं एक जाडं पुस्तक आणलंय. त्यात आगबोटींच्या वाटा छापल्या आहेत. तुझी पत्रं कुठून कुठे जातात ते बोटाने बघते.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या दुकानात बाक आहे, रंधा आहे, राळ आहे, वडिलांनी दिलेला काचेचा धारदार तुकडासुद्धा आहे. छडी बसवायला तुला अर्धा दिवस लागतो. मग ती काठी समुद्र ओलांडून माझ्याकडे का येतेय?

आणि हे व्हिटकॉमसाहेब कोण? तू आजवर जेवढ्या सभासदांबद्दल लिहिलंस, त्यातला प्रत्येक जण मला समोर दिसायचा. कोण बदकासारखा उभा राहतो, कोण फटका मारताना डोळे मिटतो. या माणसाला तू तोंडच दिलेलं नाहीस. "उंची माझ्याएवढी", बस.

शिवाय ती काठी वडिलांनी तुला घडवून दिलेली. शाळेत असताना तुझ्या मामेभावाने तिला हात लावला म्हणून तू त्याचं नाक फोडलं होतंस. ती तू एका बँकवाल्याला की दुकानदाराला देऊन टाकलीस?

तुझ्या वडिलांना शेवटच्या वर्षी खोकला आला की ते उठून बाहेर जायचे. म्हणायचे, वारा कुठला आहे ते बघून येतो. इतक्या वेळा वारा बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्या दिवशी त्यांना दारापर्यंत जाता आलं नाही, त्या दिवशी मला कळलं.

तुला काही झालंय का? सरळ विचारते आहे, सरळ सांग.

तुझी आई


मेपल रिज गोल्फ क्लब, ओहायो
२ नोव्हेंबर १९२३

प्रिय आई,

तू पोलिसात असायला हवी होतीस.

मला काही झालेलं नाही. दुकानात इतकं काम आहे, की स्वतःच्या हाताने करायला सवड नाही, एवढंच. आणि व्हिटकॉमसाहेबांना तोंड हवं, तर घे. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मिशा दोन्ही बाजूंना वर वळवलेल्या, पोट बटणांवर नाराज. बायकोला घाबरतात. पिशव्या उचलणाऱ्या कॅडी पोरांना पेपरमिंट वाटतात. पुरे?

छडीबद्दल मात्र नीट सांगतो, कारण ती बरोबर जमली पाहिजे. आताच्या छडीने ते फटका मारतात तेव्हा झिणझिण्या कोपरापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. काठी वर नेताना वाटतं, ही दुसऱ्याच कुणाची तरी आहे. खाली येताना ती लवतच नाही, पहारेसारखी येते. चेंडू जमिनीलगत उजवीकडे निघून जातो. सकाळी सगळ्यात वाईट. कधी कधी तर काठी उचलण्याआधीच कळतं, की आता काय होणार आहे. म्हणून लवचीक छडी. जे काम माणसाकडून होत नाही, ते छडीच्या लवण्याने थोडंफार होईल.

पार्सल निघालं आहे. लोटीचा नमस्कार.

निव्हन


अर्डनेस
२० नोव्हेंबर १९२३

निव्हन,

पार्सल काल आलं.

उन्हाळ्यातल्या पत्रात, शाईच्या पत्रात, तू लिहिलं होतंस, की या काठीला जुलैमध्ये नवीन चामडं गुंडाळलं. छान गुंडाळलं आहेस. मी ते खिडकीत नेऊन पाहिलं. वरचा भाग, जिथे डावा हात धरतो, तिथे चामडं काळं पडून झिजलंय, अंगठ्याखाली तर दोरा दिसतो. त्याच्या खालचा भाग, उजव्या हाताचा, जवळजवळ कोरा आहे. शिवणीत धूळ बसली आहे. त्या जागी कुणाचा हात गेल्या कित्येक महिन्यांत पडलेला नाही.

पेपरमिंट वाटणारा बँकवाला तुझ्या पत्रांत गेल्याच महिन्यात आला. हे चामडं त्याच्या आधीपासून एकाच हाताने झिजतंय.

आणि खेळाडू आपल्या मास्तराला चेंडू कुठे गेला ते सांगतो. झिणझिण्या कुठे राहिल्या ते कुणी सांगत नाही. ते ज्याचं त्यालाच माहीत असतं.

तुझ्या उजव्या हाताला काय झालंय? तुटला आहे का? आहे का तो? मला रात्री नको ती चित्रं दिसतात. तू काहीही सांग, पण खरं सांग. छडी मी अजून कापलेली नाही.

आई


मेपल रिज, ओहायो
५ डिसेंबर १९२३

आई,

तुम्हाला अशी हाक मारलेली चालेल ना? आपण भेटलो नाही. निव्हनला न विचारता लिहिते आहे. त्याला कळलं तर तो रागावेल, पण आता मला त्याच्या रागाची भीती वाटत नाही. दुसऱ्याच गोष्टीची वाटते.

ऑगस्टमध्ये गावात मुलांच्या लकव्याची साथ आली. नदीकाठच्या गल्लीतली तीन मुलं गेली. निव्हनला ताप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोठ्यांना होत नाही, उष्णता असेल. ताप उतरला, तोवर त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला होता. आहे, पण बाहीत घातलेल्या कापडासारखा लोंबतो. डॉक्टर म्हणतात, परत येईल असं धरून चालू नका. टाइपरायटर क्लबाचा नाही, माझ्या भावाचा जुना आहे. निव्हन डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतो. आधी त्याचे वडील गेले, आता हे, असं तुम्हाला नको, म्हणून त्याने कळवू दिलं नाही.

क्लबाने वसंतापर्यंत वाट बघायचं कबूल केलंय. एप्रिलमध्ये त्याने कमिटीसमोर खेळून दाखवायचं, शिकवू शकतो हे दाखवायचं. सुरुवातीला तो रोज पहाटे एका हाताने फटके मारायला जायचा. मग एक दिवसाआड. मग ती लोखंडी काठी तुमच्याकडे पाठवली आणि जाणंच बंद केलं.

तुमचं पत्र गेल्या गुरुवारी आलं. त्याने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. संध्याकाळी दुकानातल्या आपल्या सगळ्या काठ्या पिशवीत भरून तो बाहेर पडला. मी मागोमाग गेले. मैदानात अकराव्या खड्ड्याच्या हिरवळीशेजारी मोठं तळं आहे. तिथे उभा राहून त्याने एकेक काठी पाण्यात फेकली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांत होता. शेवटची फेकून झाल्यावरही परतला नाही. पुढे गेला. बूट पाण्यात, मग पोटऱ्या पाण्यात. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा मला ओळखत नाहीये. मग आला. म्हणाला, "पाणी किती गार आहे ते बघत होतो."

तेव्हापासून मी एक डोळा उघडा ठेवून झोपते. माझा भाऊ दिवसा येऊन बसतो. डॉक्टरांना सांगितलंय, ते रोज डोकावतात. पण प्रत्येक क्षणी कोण लक्ष ठेवणार? तो रोज तळ्याकडे जातो आणि मला बरोबर येऊ देतो. त्यात मला थोडा धीर आहे, पण फार नाही.

आता त्याची एकच काठी या जगात आहे, ती तुमच्याकडे. ती पाठवायची की नाही हे तुम्ही ठरवा. ती आली आणि त्याला जमलं नाही, तर काय होईल, याची मला भीती वाटते. ती आलीच नाही तर काय होईल, याचीही वाटते.

लोटी


अर्डनेस
१९ डिसेंबर १९२३

प्रिय लोटी,

आईच म्हण. दुसरं काही म्हणायला आता वेळ नाही.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसले. वारा बघायला जाणारे वडील, पाणी बघायला जाणारा मुलगा. माझ्या पत्रानंतरच तो तळ्यावर गेला, हे मला समजलं आहे. त्यावर आता विचार करत बसले तर हात चालणार नाहीत, म्हणून तो विचार बाजूला ठेवला आहे. तू केलंस ते बरोबर केलंस. भावाला हलू देऊ नकोस. दुकानातल्या कुलपांच्या किल्ल्या तुझ्याकडे ठेव. रडू आलं तर त्याच्यासमोर रड, लपून नको. या घरात लपवाछपवी फार झाली.

आता काठीचं सांगते, म्हणजे ती का आली आणि अशी का आली ते तुला कळेल.

पत्र वाचलं त्याच दिवशी मी त्याने मागितली होती तशी छडी केली. लवचीक. इतकी, की मूठ धरून हलवली तर डोकं मांजराच्या शेपटीसारखं हलायचं. मला वाटलं, एका हाताच्या माणसाला जोर नसतो, तर जोर छडीने द्यावा. सगळ्यांना असंच वाटतं. ती घेऊन मी मैदानावर गेले. इथे डॉड किड म्हणून आहे, कॅडी पोरांचा मुकादम. निव्हनबरोबर लहानपणी चेंडू शोधत हिंडायचा. त्याचा उजवा हात लढाईत फ्रान्समध्ये राहिला. तरी तो खेळतो, आणि शनिवारी दोन हातांच्या माणसांना हरवून त्यांच्याकडून बियर पितो.

मी म्हटलं, "डॉड, ही जरा मारून बघ. एका गिऱ्हाइकाची आहे. व्हिटकॉम म्हणून, अमेरिकेत बँकेत आहे."

त्याने काठीच्या डोक्याकडे पाहिलं. "काकू, हे लोखंड मी ओळखतो. याच्यापायी एका पोराचं नाक फुटलं होतं. तू मला आंधळा समजतेस की थोटा? थोटा तर मी आहेच."

 त्याने पुढे विचारलं नाही. चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू उजवीकडे काटेरी झुडपात गेला. दुसरा मारला, तोही तिकडेच.

"ही छडी नाही काकू, ही उकडलेली हेरिंग मासळी आहे. माझा हात चेंडूपाशी पोचतो आणि काठीचं डोकं अजून मागे, दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्यासारखं. येईल तेव्हा येईल, आणि कुठल्या दाराने येईल ते देवाला माहीत."

"पण एका हाताने जोर कुठून येणार?"

"जोर लागतो कुणाला? वजन आहे की लोखंडात. खांदा फिरवला की ते आपोआप खाली येतं. दोन हात असले की एक मारतो आणि दुसरा सावरतो. मला सावरायला कोण आहे? ही छडीच. तीच लटपटायला लागली तर मी कुणाच्या गळ्यात पडू?" मग त्याने मला आपली काठी दिली. "ही हलव."

मी मूठ धरून हलवली. हलेना. अंगात जोर असलेल्या, जवान माणसाला द्यावी तशी ताठ छडी होती, फक्त आखूड.

"लागते हाताला," तो म्हणाला. "पहिला महिना रडवते. पण चेंडू कुठे जाणार ते आधी कळतं. काकू, हात गेल्यावर सगळ्यांनी मला मऊ मऊ दिलं. मऊ खुर्ची, मऊ बोलणं. आईने तर मटण कापून ताटात वाढायला सुरुवात केली. एक दिवस मी ताट भिंतीवर मारलं."

"मग ही ताठ छडी तुला कुणी दिली?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला माहीत नाही? तुझ्याच नवऱ्याने, अलिककाकाने. मी लवचीक मागायला गेलो होतो. त्याने मला दुकानाबाहेर काढलं, शिव्या दिल्या, आणि आठवड्याने ही आणून हातात दिली. दोरा तर तूच गुंडाळलेला आहेस. बघ ना."

माझाच होता. माझी गाठ मला कळते. कुणासाठी गुंडाळते आहे ते यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. यांच्या अशा गोष्टी मला आता लोकांकडून कळतात. मागे राहिलेल्या माणसाला गेलेला माणूस अजून थोडा थोडा मिळत राहतो.

घरी येऊन मी ती हेरिंग काढून चुलीत घातली.

आता एक रीत सांगते, ती तुला ठाऊक नसेल. आमच्याकडे काठ्या घडवणाऱ्याच्या घरी मूल झालं, की त्या वर्षी आलेल्या हिकरीतली एक चांगली पट्टी काढून, तिच्यावर मुलाच्या नावाचं अक्षर कोरून, दुकानाच्या आढ्यावर ठेवतात. मूल मोठं झालं, त्याची काठी फिरवायची ढब पक्की झाली, की बाप त्या ढबीप्रमाणे ती पट्टी तासतो. निव्हनची अजून वर होती. तो अमेरिकेला घाईने गेला. हे म्हणाले, परत येईल तेव्हा त्याचं फिरवणं बघून तासू. नंतर हेच राहिले नाहीत. लाकडातल्या रेषा इतक्या जवळजवळ, की नखही जाणार नाही. तुमच्याच बाजूचं झाड, तीस वर्षं आमच्या धुरात राहिलेलं.

शिडी लावून मी ती खाली काढली. दुसरी अशी पट्टी नाही. मी आयुष्यभर घासलं, गुंडाळलं, तेल लावलं, पण पट्टी तासून छडी यांनीच करायची. रंध्याचा एक हात जास्त पडला की ती लवचीक झाली, आणि काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. दर दोन हातांनंतर मी थांबून हलवून बघायची.  मूठ डाव्या हातात धरून, डोळे मिटून, मी स्वतःला निव्हन समजायची. नंतर काचेने खरवडायला लागले, तेव्हा हात आपोआप हळू झाला. थांबले तेव्हा ती मला हवी त्यापेक्षा थोडी जास्तच ताठ होती. तिथेच ठेवली. माझा हात पुढे जाईना. बरोबर ठेवली की भिऊन ठेवली, ते मला सांगता येणार नाही.

डॉडने तिच्याने एकच फटका मारला. चेंडू गेला तिकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग काठी पुसून मला परत दिली आणि म्हणाला, "त्या बँकवाल्याला सांग, इकडे आला तर त्याला मी हरवणार आहे."

काठी याच बोटीने पाठवते आहे. तू ती त्याच्या हातात देऊ नकोस. दाराशी उभी करून ठेव, छत्री ठेवतात तशी. काही बोलू नकोस. मी त्याला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. तुझं पत्र मला आलं हे त्यात नाही, कधी सांगायचं ते तू ठरव.

तळ्याकडे जाऊ दे, पण एकट्याला नाही.

आई


(काठीला बांधलेली चिठ्ठी)

निव्हन,

व्हिटकॉमसाहेबांना सांग, की लवचीक छडी मी केली होती, पण ती माणसाला देण्यासारखी नव्हती, म्हणून चुलीत गेली. ही ताठ आहे. हाताला लागेल. तक्रार करायची असेल तर त्यांनी स्वतः करावी, शाईने. यंत्राने केलेली तक्रार मी घेणार नाही.

अक्षर मुठीपाशी आहे. चामड्याच्या आत.

आई


अर्डनेस
२८ जानेवारी १९२४

प्रिय लोटी,

काही नाही आलं. तुझंही नाही, त्याचंही नाही. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो, म्हणजे मी दारापर्यंत यायचा त्रास घेऊ नये. मी तरी येतेच. बोटींच्या पुस्तकाप्रमाणे पार्सल तुमच्या गावी केव्हाच पोचायला हवं.

दिवसभर मला वाटतं, तू लिहिलं नाहीस म्हणजे काही झालेलं नाही, झालं असतं तर तारच आली असती. मग दारावर कुणाचंही बोट वाजलं, की मला ती तारच वाटते. काल शेजारची मीठ मागायला आली. मी तिला आत घेण्याआधी विचारलं, "काय झालं?" ती बिचारी घाबरून मीठ न घेताच गेली.

ती छडी मी जास्तच ताठ ठेवली. हे मला रोज जाणवतं. एका ओळीचं लिही. ठीक आहे, एवढंच लिही. नसेल ठीक, तर तेही लिही.

आई


मेपल रिज
१० फेब्रुवारी १९२४

आई

डाव्या हाताने लिहितोय. एक ओळ लिहायला एक पाइप संपतो. हसू नकोस.

काठी दाराशी किती तरी दिवस होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो. लोटी रोज तिच्याखाली झाडायची आणि परत तशीच ठेवायची. बोलायची नाही. मग एका रात्री मी चामडं सोडून अक्षर बघितलं. बाबांनीच कोरलंय. परत गुंडाळता येईना. लोटीने गुंडाळलं. वाईट गुंडाळलंय.

व्हिटकॉमची तक्रार अशी, की छडी फार ताठ आहे. पहिल्या दिवशी हात दुखून मी तिला शिव्या दिल्या. तुलाही दिल्या. चार दिवसांनी परत गेलो.

काल तळ्याच्या काठावरून मारली. तळं गोठलंय. चेंडू पलीकडच्या काठाला गेला, सरळ. लोटी मागे उभी होती. मी चेंडू आणायला निघालो तर ती ओरडली. बर्फ मधोमध पातळ आहे. मी म्हटलं, ओरडतेस कशाला, आणि तळ्याला वळसा घालून काठाकाठाने गेलो. फार लांब पडलं. बूट भिजले नाहीत.

तिने तुला लिहिलं होतं ते मला सांगितलं. बरं केलं.

सकाळी अजून वाईट असतं. एप्रिलचं माहीत नाही. छडी अर्धा इंच कापू का?

निव्हन


अर्डनेस
२५ फेब्रुवारी १९२४

प्रिय निव्हन,

कापू नकोस. हात तिच्यापर्यंत येईल.

तुझं अक्षर पूर्वीपेक्षा सुधारलं आहे.

सकाळी वाईट असतं, ते मी लक्षात ठेवलंय. इथे दुपार असते तेव्हा तुझी सकाळ असते, म्हणून दुपारी मी हातातलं काम ठेवून थोडा वेळ बसते. त्याने तुला काही होत नाही, पण तू एकटा नसतोस एवढं मला ठरवता येतं. सकाळ फार वाईट असेल, तर आधी लोटीला उठव, मग काठी घे. हे मला कबूल कर. माझी भीती गेलेली नाही आणि ती जावी असं मी म्हणत नाही. ती असेल तोवर मी तुला विचारत राहीन. तू शाईने उत्तर देत राहा.

नवीन हिकरी मार्चमध्ये येते. एक पट्टी बाजूला काढते. अक्षर कोणतं कोरायचं ते लोटीला वेळेवर कळवायला सांग.

डॉड आला होता. पत्र आलंय हे त्याला पोस्टातच कळलं होतं. मी त्याला तळ्याचा भाग वाचून दाखवला. त्याने टोपी मागे सरकवली, जरा विचार केला आणि म्हणाला, "पण काकू, चेंडू किती यार्ड गेला ते गाढवाने लिहिलंच नाही."

मी म्हटलं, "मला हवं होतं ते लिहिलंय."

तुझी आई